सुरी ओफेलियाच्या हाती द्यावी

मी, हर्मिनिया टॉर्मी, वय बहात्तर, अविवाहित, राहणार सुइपाचा, रेल्वे फाटकापलीकडचे विटांचे घर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, माझ्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, डॉक्टर खाली तसे लिहून देतील. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण त्यांची वाटणी करायची नाही. यापूर्वी मी काही लिहून ठेवले असेल तर ते रद्द समजावे.

एक. मला पुरून मंडळी घरी परततील. त्यांना चहा, सोड्याचा पाव, लोणी आणि ब्रॅक द्यावा. चहात भिजवलेल्या मनुकांचा हा गोड पाव माझी धाकटी बहीण ओफेलिया हिने कापावा. सगळ्यांच्या बश्या रिकाम्या झाल्यावरच वकिलांनी हा कागद उघडावा. आधी नाही.

दोन. घर आणि मागची पीचची झाडे माझी भाची रोसाउरा हिला. ती ओफेलियाच्या पोटची, पण वळणावर गेली माझ्या आईच्या. ओफेलिया हे घर आपलेच धरून बसली आहे. गेल्या वर्षी मी दवाखान्यात असताना तिने रंगारी आणून भिंती मोजल्या. तिला इथे चहाचे दुकान काढायचे आहे, दारात हिरव्या टोपीचा पुतळा आणि वर पाटी. मी घरी आले तेव्हा पाटी ओसरीवर टेकवलेली होती.

"ताई, सहलीची माणसं येतील, आपली आयरिश परंपरा बघतील. घर नुसतं पडून काय उपयोग?"

मी म्हणाले, "घर पडून नाही, मी पडून आहे. पाटी उचल."

रोसाउराला अट एकच. सतरा मार्चला, संत पॅट्रिकच्या दिवशी, मेज घरातच मांडायचे, गावातल्या आयरिश क्लबात नाही. पावात हिरवा रंग घालायचा नाही. आमची पणजी आयर्लंडातल्या वेस्टमीथहून उपाशी पोटाने इकडच्या बोटीत बसली होती. तिने तो क्लबातला हिरवा पाव पाहिला असता तर बुरशी समजून कोंबड्यांपुढे टाकला असता. अट मोडली तर घर विकून पैसे चर्चला द्यावेत.

तीन. बिडाचे झाकणाचे पातेले रोसाउराला. निखारे खाली थोडे, झाकणावर जास्त. पावावर क्रूस कापताना घाई करू नये. शाळेतल्या सिस्टर गोंझागा म्हणायच्या, जी मुलगी क्रूस घाईने कापते ती प्रार्थनाही गिळते. बाळा, साबण लावू नकोस त्या पातेल्याला.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी खिडकीत मेणबत्ती लावावी आणि दाराला कडी घालू नये. मरिया आणि योसेफ यांना कोणी दार उघडले नव्हते, म्हणून आपण उघडे ठेवतो. त्या दिवशी ओफेलिया आली तर तिलाही आत घ्यावे, पानात बटाटा-कोबी वाढावा, वर लोणी सोडावे. सुऱ्यांचा खण मात्र बंद असू द्यावा.

चार. बँकेतल्या शिलकीतून आधी छप्पर नीट करावे. उरेल त्यातून आईबाबांच्या आत्म्यांसाठी चर्चमध्ये मिसा, म्हणजे प्रार्थना, आणि एक लिसांद्रो गेनरसाठी. लिसांद्रो ओफेलियाचा नवरा, रोसाउराचा बाप. माणूस वाईट नव्हता, वारा येईल तिकडे वाकणारा होता. इतकी वर्षे दर सतरा मार्चला माझ्या मेजाशी बसून तो एकच वाक्य बोलला, "पाव छान झालाय, हर्मिनिया." मी प्रत्येक वेळी त्याला कडेचा तुकडा दिला. त्याला कडा आवडत असे.

पाच. हाडाच्या मुठीची सुरी ओफेलियाला. ती तिलाच शोभते, आणि का ते सगळ्यांसमोर वाचले जावे अशी माझी इच्छा आहे.

१९६९च्या ऑक्टोबरची शेवटची संध्याकाळ, सर्व संतांच्या सणाची आदली रात्र. आमच्याकडे तो वसंत, पीचचा बहर नुकताच ओसरला होता. मी निळा झगा इस्त्री करून घातला होता, कारण गेनर मंडळी लिसांद्रोसाठी मला मागणी घालायला येणार होती. त्या सणाच्या ब्रॅकमध्ये आई अंगठी घालून भाजत असे. जिच्या तुकड्यात निघेल तिचे वर्षाच्या आत लग्न. पहिला तुकडा थोरल्या मुलीचा, म्हणजे माझा. कापायला ओफेलिया बसली. पहिल्याच तुकड्यात सुरी टक् करून अडली. मी शेजारीच होते.

"हा मोडला गं ताई," ती म्हणाली, "तुला नीट देते." मोडलेला तुकडा तिने स्वतःच्या बशीत ओढला. मोडला नव्हता.

अंगठी तिच्या दातांखाली आली तेव्हा लिसांद्रोच्या आईने छातीवर क्रूस काढला. म्हणाली, कौल लागला. लिसांद्रो खाली बघत राहिला. ईस्टरनंतर त्यांचे लग्न झाले आणि लग्नाचा ब्रॅक मी भाजला.

सहा. अंगठी. सण झाला की ती आईकडेच परत जाई. शेवटच्या आजारपणात तिने ती माझ्या मुठीत दिली आणि म्हणाली, "मलाही ऐकू आलं होतं, हर्मी. पाहुण्यांसमोर काय बोलणार होते मी?" तेवीस वर्षे ती हे पोटात घेऊन होती. तिच्यावर मी रागावू शकले नाही. तो रागही ओफेलियाच्या खात्यात टाकला.

तेव्हापासून ओफेलिया विचारते, ताई, अंगठी कुठे ठेवलीस, मी दुकानात काचेच्या पेटीत ठेवीन. मी दर वेळी सांगत आले, ब्रॅकमध्ये मिळेल तुला.

ओफेलिया, आज ब्रॅक तू कापलास. मी तुला ओळखते, चार तुकडे तरी घेतले असशील, आणि लोकांच्या बशीतला चुराही बोटाने चाचपला असशील. सुरी अडली नाही ना? शेजारच्या युलालियाने माझ्या सांगण्यावरून त्यात मनुकांशिवाय काही घातले नव्हते. अंगठी माझ्या बोटात आहे, जपमाळेच्या वेढ्याखाली. मी सांगून ठेवल्याप्रमाणे रोसाउराने शवपेटी बंद होण्याआधी ती घातली. सकाळी त्यावर पहिली मूठ माती तूच टाकलीस.

रोसाउरा, तू ब्रॅकसाठी बाजारातून साधी पितळेची घे. आणि कापायला स्वतः बस.

हर्मिनिया टॉर्मी (सही)

साक्षीदार:
१. युलालिया बॅलेस्टी, शेजारीण. वरील ब्रॅक भाजण्याचे मला मान्य आहे. (सही)
२. डॉ. अन्सेल्मो दुगान. बाई पूर्ण शुद्धीवर आहेत. मी दोनदा विचारले. (सही)

सुइपाचा, ३ ऑगस्ट २०१९