बाजेवरची वेधशाळा

२४ एप्रिल १९९४, रविवार

आजपासून हवामानाची रोजनिशी. रोज लिहिणार. एक दिवससुद्धा चुकवणार नाही.

हेतू: लातूरच्या जनतेला हवामान कळत नाही. कुणीतरी समजावून सांगायला पाहिजे. शाळेत भूगोल शिकवून केस पांढरे झाले, पण या गावात भूगोलाची ट्यूशन कुणी लावत नाही. फिजिक्सवाल्यांनी मारुती घेतल्या, केमिस्ट्रीवाल्यांनी प्लॉट घेतले, बायोलॉजीवाल्यांनी वर मजले चढवले. भूगोलवाल्याकडं सायकल. परवापासून तीही पंक्चर.

पण पाऊस सगळ्यांना लागतो. पावसाचं शास्त्र सोपं करून सांगणारा माणूस मराठवाड्यात नाही. मी आहे.

वेधशाळा अंगणात, बाजेवर. इथं एक खुलासा करून ठेवतो. मागच्या वर्षीच्या भूकंपानंतर बरेच लोक भीतीनं बाहेर झोपायला लागले. मी त्यातला नव्हे. मी आकाश पाहण्यासाठी बाहेर झोपतो. हिवाळ्यातही झोपलो, थंडीच्या लाटेचा अभ्यास केला. भूकंपाच्या पहाटेसुद्धा आमच्या गल्लीत सगळ्यात आधी मीच बाहेर होतो. हादऱ्याची दिशा आणि वेळ टिपणं हे भूगोलाच्या माणसाचं कर्तव्यच.

आमची बायको शरणम्मा मात्र घाबरते. माझ्या बाजेशेजारीच तिची बाज असते. तिच्या सोबतीसाठीही मला बाहेर राहावं लागतं. आमची मुलगी दिपाली तेवढी घरात झोपते. बारावीचं वर्ष, तिला घाबरायला वेळ नाही.

२८ एप्रिल

उपकरणं तयार. पर्जन्यमापक: जॅमची बाटली अधिक स्टोव्हमध्ये रॉकेल ओतायचं नरसाळं. वारा पाहायला पत्र्याचा कोंबडा. कोंबडा सतत शेजारच्या कमलम्माच्या घराकडं तोंड करून उभा. निष्कर्ष: वारा स्थिर आहे.

शरणम्मा म्हणाली, कोंबडा गंजून अडकलाय. शास्त्रात अशी घाई चालत नाही.

रोज लिहायचं राहिलं. हवामानात रोज बदल होत नाही, मग रोज काय लिहिणार?

४ मे

कमलम्माला मोसमी अंदाज समजावून सांगितला. आजचा अंदाज वेगळा, मोसमाचा वेगळा. आज चार वाजता तुमच्या दारात पाऊस पडेल का, हे मोसमी अंदाज सांगत नाही. चार महिन्यांत एकूण किती पडेल, तेवढं सांगतो. त्यासाठी समुद्र किती तापला, हिमालयात बर्फ किती पडला, हवेचा दाब कुठं किती, असं सगळं बघतात. आणि शेवटी निघते ती शक्यता. शक्यता म्हणजे खात्री नव्हे. हे वाक्य दोनदा सांगितलं. छान वाक्य आहे.

तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, रातच्याला वाळवण भायेर ठिवू का आत घिऊ. जनतेला विज्ञान नको, कुरडयांची सोय पाहिजे.

सध्या उकाड्यानं अख्खी कॉलनी बाहेर झोपते. गच्चीवर, अंगणात, रस्त्याच्या कडेला. त्यामुळं मी बाहेर का, असं कुणी विचारत नाही. मे महिना मला फार आवडतो.

११ मे

दिवस सोन्याचा. मुज्तबा सरांचा निरोप आला, भेटायला गेलो. लातुरात फिजिक्स म्हणजे मुज्तबा सर. बोर्डात आलेल्या पोरांचे फोटो त्यांच्या भिंतीवर मावत नाहीत. आता स्पर्धा परीक्षांची बॅच काढतायत. तिथं भूगोल लागतो. म्हणाले, "सर, जमाना क्लासचा हाय. भूगोल बी विकता येतो, विकणारा पाहिजे."

विकणारा मी. बॅच मला. आधी जाहिरातीसाठी एक जाहीर व्याख्यान: 'मान्सून समजून घेऊ या'. तारीख १२ जून.

नवीन इमारत दाखवायला निघाले. बॅच तिसऱ्या मजल्यावर. मी म्हटलं, इमारत बाहेरूनच चांगली कळते. रस्त्यावरून पाहिली. उंच आहे. फार उंच आहे.

व्याख्यान तळमजल्याच्या हॉलमध्ये ठेवू म्हणाले. मी म्हटलं, मान्सूनचं व्याख्यान आणि डोक्यावर स्लॅब? मोकळ्या मैदानात घेऊ, आकाश हीच आमची प्रयोगशाळा. त्यांनी विचारलं, जूनमध्ये पाऊस आला तर? मी जबाबदारीनं सांगितलं, यंदा मान्सून उशिरा. वीस जूनच्या आत थेंब नाही.

१२ मे

अंदाजाला आधार द्यायला बसलो. रेडिओ म्हणतोय पाऊस वेळेवर. पण रेडिओ मुंबई-दिल्लीत बसून बोलतो. मी प्रत्यक्ष बाजेवर.

पद्धत मुज्तबा सरांचीच वापरली. ते पोरांना शिकवतात, उत्तर माहीत असलं की स्टेप्स खालून वर लिहीत जायच्या, मार्क मिळतात. उत्तर: पाऊस उशिरा. मग खालून वर. मुंग्या निवांत. कोंबडा स्थिर. आकाश कोरडं. गुडघा दुखत नाही. चार स्टेप्स झाल्या, पूर्ण मार्क.

पाऊस उशिरा यावा असं मला वाटतं म्हणून मी तसं म्हणतो, असं दिपाली आईला म्हणत होती. मला का वाटेल? मी तटस्थ आहे.

२१ मे

शरणम्मानं आज पुन्हा विषय काढला. पावसाळ्याआधी आत झोपायला लागू. सरकारी इंजिनिअरनं तपासून घर सुरक्षित आहे असं लिहून दिलंय, हेही ऐकवलं. मान्य, लिहून दिलं. पण त्यानं आमच्याकडं चहा घेतला, भजी खाल्ली आणि मग स्लॅबकडं नुसतं मान वर करून पाहिलं. भजी खाऊन दिलेल्या रिपोर्टवर शास्त्रज्ञ विसंबत नाहीत.

बेडवरच्या स्लॅबला एक केसाएवढी चीर आहे. आधीपासून होती म्हणते. मला आधी दिसली नव्हती.

तिच्या मनातली भीती जायला वेळ लागेल. मी धीर देतो आहे.

२ जून

काल वळवाचा सडा. बाज भिजली. हा मान्सून नव्हे, त्यामुळं माझ्या अंदाजात धरायचा नाही. बाटलीत साठलेलं पाणी नोंद न करता ओतून दिलं.

कॉलनीतले सगळे गाद्या-उशा घेऊन आत पळाले ते परत आलेच नाहीत. कमलम्मासुद्धा आत. अंगणात आता आम्ही दोघंच. ताडपत्री बांधली. शरणम्माला खोकला लागलाय, तरी ती आत जात नाही. केवढी भीती बसलीय बाईच्या मनात.

७ जून

मृग. खोकला वाढला. डॉक्टर म्हणाले ओल टाळा. तिला शास्त्र समजावून सांगितलं. एवढ्या मोठ्या भूकंपानंतर तिथंच लगेच पुन्हा तसाच येण्याची शक्यता फार कमी असते. आकडे कागदावर काढून दाखवले. तिनं ऐकलं आणि विचारलं, मग? मी म्हटलं, मग तू आत झोप. ती म्हणाली, आन तुमी? मी म्हटलं, मला निरीक्षण आहे.

तिनं तोंडावर पांघरूण ओढून घेतलं. भीतीपुढं आकडे चालत नाहीत.

१२ जून, सकाळ

आज व्याख्यान. आकाश बऱ्यापैकी निरभ्र. पश्चिमेला थोडं काळं आहे, पण ते लांब आहे. नवीन शर्ट. सायकलचं पंक्चर काढलं.

१३ जून

व्याख्यान यशस्वी. तपशील असा.

मैदानात मंडप नव्हता, मीच नको म्हटलं होतं. गर्दी चांगली. पोरं, पालक, नायगाव-लोह्याकडून आलेली दोन-तीन मंडळी. दिपाली तिसऱ्या रांगेत. सुरुवात जोरात झाली. उदाहरण दिलं: समजा, यंदा सरासरीच्या अठ्ठ्याऐंशी टक्के पाऊस पडला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, बाबांनो, हे डिस्टिंक्शन नव्हे. पावसाची सरासरी हीच शंभर. अठ्ठ्याऐंशी म्हणजे कमी पाऊस. एकानं उठून कटऑफ किती ते विचारलं. दुसरा म्हणाला, परीक्षेला नाय येणार, आउट ऑफ सिलॅबस हाय. हे गाव ढगालाही गुणपत्रिका मागेल.

'शक्यता म्हणजे खात्री नव्हे' या वाक्यापाशी पोचलो आणि पाऊस आला. साधा नाही, धो धो. लोक उठले आणि थेट हॉलमध्ये शिरले. मुज्तबा सरांनी आतून हाका मारल्या. माइक पायऱ्यांपर्यंत आणून दिला. पोरं आत शिस्तीत बसली.

मी खिडकीबाहेर छत्री धरून उरलेलं व्याख्यान दिलं. गजांमधून. छत्रीवर पाऊस एवढा वाजत होता की समुद्राच्या तापमानाचा भाग कुणाला ऐकूच गेला नसणार. आतून कुणीतरी विचारलं, "सर, तुमी आत का येईना गेलात?"

मी म्हटलं, "वक्त्यानं विषयात उभं राहावं."

हशा झाला. टाळ्याही पडल्या, बऱ्याच. लोकांना आवडलं. फक्त दिपाली हसली नाही. मान खाली घालून बसली होती. अभ्यासाचा ताण असेल.

१६ जून

अंदाज चुकला असं काही लोक म्हणतात. चुकला नाही. पाऊस उशिरा येण्याची शक्यता सांगितली होती. शक्यता म्हणजे इत्यादी.

मुज्तबा सरांनी बोलावलं होतं, करारावर सही करायला, वर, तिसऱ्या मजल्यावर. खालूनच निरोप पाठवला, गुडघा दुखतोय. ते स्वतः उतरून आले. मग म्हणाले, सर, सायकलवर तर गुडघा बरा असतो. रागावले मात्र नाहीत. खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, त्या रात्रीनंतर माझी अम्मी बी जिन्याला हात लावत नव्हती, पण हळूहळू चढली. रविवारपर्यंत वाट बघतो. फक्त एकदा वर या, बॅच तुमची.

त्यांच्या अम्मीचा इथं काय संबंध, कळलं नाही.

निश्चय: रविवारी वर जाणार.

१९ जून, रविवार

गेलो. पहिल्या वळणापर्यंत चढलो. खाली रस्त्यावरून ट्रक गेला आणि कठडा थरथरला. ट्रक कोणता आहे ते पाहायला खाली आलो. दहा टायरचा होता, उसाचा नव्हता. एवढं पाहण्यात वेळ गेला.

मग विचार केला. क्लास म्हणजे शेवटी धंदा. ज्ञान विकायचं नसतं. घरी आलो.

कमलम्माच्या भाच्याकडून कळलं, बॅच लोह्याच्या एका तरुण मास्तराला दिली. तो जिना दोन-दोन पायऱ्या टाकत चढला म्हणे. भूगोल कितपत येतो, देव जाणे.

२२ जून, सकाळ

काल दिवसभर पाऊस. संध्याकाळी ताडपत्रीचा एक कोपरा फाटला आणि सगळं पाणी शरणम्माच्या बाजेवर. तिला ताप होताच. ती उठली, वाकळ गुंडाळून काखेत घेतली आणि घराकडं निघाली. मला आनंद झाला. म्हटलं, वा, गेली एकदाची तुझी भीती.

ती दारात थांबली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "मला कवाच भ्या न्हवतं. तुमी एकटे भायेर म्हणून म्या भायेर. त्या पहाटी तुमी आमाला आत ठिवून भायेर गेलात. मला काय तुमाला भायेर ठिवून आत जाता येईना गेलं."

आणि आत गेली. दार उघडंच ठेवलं.

पावसात बसून बरंच आठवून पाहिलं. त्या पहाटेची दिशा आठवते. वेळ आठवते. आतल्यांना हाक मारल्याचं आठवत नाही. मारली असणारच. गोंधळात ऐकू गेली नसेल.

मग मध्यम मार्ग काढला. बाज ओढत दाराशी नेली. दारात ती अडकली, अर्धी आत, अर्धी बाहेर. पुढं जाईना, मागं येईना. तसाच आडवा झालो. पाय घरात, डोकं अंगणात. आतून रात्रभर खोकला ऐकू आला नाही. शरणम्माला गाढ झोप लागली होती, कित्येक महिन्यांनी.

सकाळची नोंद: उशी चिंब. पाय कोरडे. बाटली भरून वाहिली, मोजता आलं नाही.

दिपाली क्लासला निघाली. वाट नव्हती. तिनं दप्तर आधी बाजेखालून सरकवलं, मग स्वतः वाकून, रांगत बाहेर आली. गुडघ्यांचा चिखल झटकला आणि माझ्याकडं पाहत म्हणाली, "अप्पा, आता भूकंप झाला तर आई न् मी कुठून बाहेर पडायचं?"

प्रश्न चांगला आहे. अभ्यासक्रमाबाहेरचा आहे.