बाबांचा भोंगा

बेला,
दुपारी

प्रिय अमरदीप,

जय भीम. पाकीट बघून दचकू नकोस. घरी सगळे बरे आहेत, म्हणजे फोनवर सांगण्यापुरते बरे आहेत. फोनवर जे सांगता येत नाही, ते लिहायला बसले आहे. आज शाळेला सुट्टी आहे. आई बाजाराला गेली आहे आणि माझी मीनल शेजारी खेळते आहे. घर इतकं शांत आहे की मलाच त्याची भीती वाटते. परवापासून मी शांततेला घाबरायला लागले आहे. का, ते पुढे कळेल.

गेल्या रविवारी तू म्हणालास की आई अजून तुझ्यावर रागावलेलीच आहे. बाबांच्या वेळी हैदराबादहून निघायला तुला उशीर झाला, मातीला पोचला नाहीस, ते तिनं मनात धरलंय. तू बोलायला लागलास की ती ‘हो, हो, जेवला का’ म्हणते आणि फोन माझ्याकडे देते. मी त्या दिवशी काही बोलले नाही, कारण ती शेजारीच बसली होती. फोन ठेवल्यावर ती मला काय म्हणाली, ऐक. “अमर आता लय हळू बोलते वं. मोठा सायब झाला. का बायको बाजूले बसते म्हनून आवाज काढत नाही?” तिला वाटतं तू बोलायचं टाळतोस आणि तुला वाटतं ती टाळते. खरं एवढंच आहे की तिला तुझं बोलणं ऐकू येत नाही.

हे वयामुळे नाही. बाबांच्या भोंग्यामुळे आहे. तो तू कधी ऐकला नाहीस. बाबा गेल्यावर तू आलास तेव्हा पीक घरात आलं होतं आणि भोंगा पोत्यात गुंडाळून ठेवला होता. आपल्याकडे आता मक्याच्या प्रत्येक वावरात एक असतो. बॅटरीवर चालतो, आत कार्ड असतं, त्यात माणसानं आपलाच आवाज भरायचा आणि रानडुकरांसाठी रात्रभर वाजत ठेवायचा. बाबांनी आपला आवाज भरला त्या दिवशी मी तिथंच होते. बांधावर उभे राहून ते असे ओरडले, “हुर्रर, हाऽऽ, हाकल रे, हाकल!”, की मीनल रडायला लागली. मग धाप लागली, थांबले, आणि यंत्राकडे संशयानं बघत आईला म्हणाले, “अवं, झालं का?” तेही त्यात भरलं गेलं. पुसून पुन्हा भरू, असं मी म्हटलं. बाबा म्हणाले, “राहू दे, डुकराले काय मराठी समजते?”

तेव्हापासून वावरात रात्रभर तेच. आरडाओरडा, थोडी शांतता, आणि मग ‘अवं, झालं का?’ पहिल्या हंगामात सगळा शिवार हसला. शेजारच्या वावरातून मारोतराव जागलीवर असले की मुद्दाम ओरडायचे, “झालं वो दौलतभाऊ, झोपा आता!” बाबा स्वतःही हसायचे. पुढच्या हंगामात बाबा नव्हते आणि मका डोक्याएवढा झाला होता. आईनं पोत्यातून भोंगा काढला, खांबाला बांधला आणि बटण दाबलं. त्या रात्री मारोतराव काही ओरडले नाहीत.

मग आई जागलीला जायला लागली. मी म्हटलं, भोंगा आहे ना, तू कशाला? तर म्हणे बॅटरी उतरते. मचाण वावराच्या त्या टोकाला आहे, खांब या टोकाला. ती मचाणावर झोपते असं मी धरून चालले होते. एकदा डबा विसरली म्हणून द्यायला गेले तर बाज खांबाच्या बुडाशी, भोंग्याचं तोंड बरोबर उशीवर. आणि प्रत्येक वेळी तो प्रश्न आला की ती पडल्यापडल्या उत्तर देत होती. “झालं. झालं जी.” रागावून नाही, रडून नाही, चुलीपाशी बसून देतात तसं. मी डबा ठेवून उभी राहिले. माझ्या कानाचे पडदे दुखायला लागले, पण ती शांत पडून होती. मी बंद कर म्हटलं तर म्हणाली, “मानूस इचारून राह्यला, तं कोनीतं उत्तर द्या लागते ना.”

यावर तू काय बोलला असतास?

दिवाळीनंतर, रब्बीच्या मक्यातही भोंगा चालू झाला तेव्हा, लक्षात यायला लागलं. कुकरच्या शिट्ट्या तिला कळेनात. मीनल ‘आजी’ म्हणून पाठीमागे उभी राहायची आणि ही भाजी निवडतच बसायची. पोरगी आता तिच्याशी बोलायचं सोडून तिचा पदर ओढते. विहारात वंदना चालू असली की बाकीच्यांचं संपल्यावरही ही एकटीच म्हणत राहते, आणि बायका एकमेकींकडे बघतात. मग मी तिला आदिलाबादला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. ते तेलुगू आहेत, माझ्याशी हिंदीत बोलले, पण आईला समजावताना त्यांनी हातानं पिकाची खूण केली. कानाच्या आत बारीक केसांसारखं काही असतं, म्हणाले, आवाजाच्या वाऱ्यानं ते वाकतं आणि पुन्हा उभं राहतं. पण रोज तासन्‌तास वादळच चालू राहिलं तर आडवं पडतं ते पडतंच. पुन्हा पेरता येत नाही. बारीक, उंच आवाज आधी जातात, म्हणून पोरांचं बोलणं कळत नाही आणि फोनवर तर नाहीच नाही. जे गेलं ते गेलं, मशीन लावून थोडी मदत होईल. पण जे उरलंय ते वाचवायचं असेल तर भोंग्यापासून लांब राहणं एवढंच औषध.

आई वाटेत म्हणाली, “कापूस घालतो ना मी कानात.” आपल्या लोकांचा कापसावर केवढा विश्वास! कापसाच्या जिनिंग गिरणीतल्या बायकाही तेच करतात. डॉक्टर म्हणाले होते की कापसानं नुसतं समाधान होतं, आवाज अडत नाही. त्यांनी स्पंजाची बोंडं दिली, कानात दाबून बसवायची. ती आईनं माझ्यासमोर घातली. दुसऱ्या दिवशी मला ती बाजेच्या दोरीत खोचलेली सापडली.

मग मी आवाज कमी करायला लागले. संध्याकाळी बॅटरी जोडायला मीच जात होते, तेव्हा बटण रोज जरासं मागे फिरवायचे. तिला कळू नये इतकंच. तिनं मला काही विचारलं नाही. पण मी आवाज जेवढा कमी केला, तेवढी बाज वर आली. आधी तिनं बाजेखाली विटा ठेवल्या, मग बाज सोडून दिली आणि खांबाला टेकून बसायला लागली, डोकं भोंग्याच्या तोंडाशी. मारोतराव मला रस्त्यात थांबवून म्हणाले, “मास्तरीनबाई, हसत होतो आमी, पन आता भेव लागते. वहिनी त्याले लेकरावानी धरून बसते.”

आणि परवा बॅटरीच संपली. भोंगा मुका झाला. मी मनात म्हटलं, चला, एक रात्र तरी. तिला घरी आणलं, जेवायला वाढलं. जेवता जेवता तिनं मान वर केली आणि म्हणाली, “झालं जी.” घरात कुणीही काही विचारलं नव्हतं. मीनल माझ्याकडे बघायला लागली. डॉक्टर म्हणाले होते की कान रिकामे झाले की आतूनच आवाज तयार करतात, कुणाला शिटीचा, कुणाला पाण्याचा. मला हे पटतं, मी मुलांना विज्ञान शिकवते. पण त्या रात्री मी दाराला कडी घातली आणि दिवा चालूच ठेवला.

माझंही सांगते, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. बाबांचा साधा आवाज मला आठवेनासा झाला आहे. सायकलवरून शाळेत सोडताना ते काहीतरी गुणगुणायचे, मला रागावताना आवाज खाली यायचा, तुझं नाव घेताना शेवटचं अक्षर लांबवायचे, हे मला माहीत आहे, पण ऐकू येत नाही. आठवायला गेलं की भोंग्यातला तो पत्र्याचा, फाटलेला आवाजच येतो. एवढा वाजल्यावर तो आता बाबांचाही राहिलेला नाही. आईला त्याच्यापायी खऱ्या माणसांचे आवाज गमवावे लागत आहेत, आणि त्यात पहिला तुझा गेला.

म्हणून हे पत्र. आज आई बाजाराला गेल्यावर मी वावरात जाऊन कार्ड काढलं. ते या पाकिटात आहे. भोंग्यात आता मारोतरावांचा आवाज घातला आहे आणि खांब नाल्याच्या कडेला हलवला आहे, म्हणजे मका राहील. मारोतराव आत्ता आदिलाबादला निघाले आहेत, तेच पाकीट टपालात टाकतील. मला ते कार्ड पुसवलं नाही, घरातही ठेववत नाही, कारण आईनं माझ्यासमोर हात पसरला तर मी देऊन टाकीन. तू बाबांचं शेवटचं काहीच ऐकलं नाहीस. एकदा ऐक, हळू आवाजात, आणि मग ठेवून दे कुठंतरी. संध्याकाळी ती वावरात जाईल तेव्हा तिला कळेल, आणि मी खरं तेच सांगेन, की अमरकडे पाठवलं. ती तुला फोन करील. मागेल, रागावेल, कदाचित रडेलही, आणि तू काय म्हणतोस ते तिला ऐकू येणार नाही. तेव्हा फोनवर समजावत बसू नकोस. रजा काढून ये. तिच्या समोर बस, उजेडात, तुझे ओठ तिला दिसतील असा, आणि नाही म्हण. मग तिच्याशी बोलत राहा, अमर, कशाबद्दलही, जोवर तिला ऐकू येतंय तोवर.

तुझीच,
प्रतिभाताई