डावीकडची ग्रंथी

३ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझ्या प्रयोगशाळेत नवं यंत्र आलं हे वाचून आनंद झाला. आता तरी वेळेवर जेवत जा. माझं म्हणशील तर शिलाईचं काम रखडलंय. पायांत गोळे येतात, कात्री हातातून गळते. रक्तदाब तीन गोळ्यांनाही दाद देत नाही आणि रक्तात पोटॅशियम कमी निघालंय. डॉक्टरांच्या मते मी टेन्शन घेते. तुझ्या पत्रांत पोटॅशियम सारखं येतं, म्हणून तुलाच विचारते.

वेळ काढून दोन ओळी लिही, मला तेवढ्या पुरतील.

तुझी,
ठमी

२० फेब्रुवारी

चि. ठमीस, अनेक आशीर्वाद.

पराचा कावळा करायची तुझी सवय जुनीच. मीठ कमी कर, केळी खा, चालायला जा.

माझं काम मात्र अडून बसलंय. मूत्रपिंडावर टोपीसारखी एक ग्रंथी असते. तिच्या पेशींना पोटॅशियम बाहेर सोडणारी बारीक दारं असतात, त्यामुळे पेशी शांत राहते. एखादं दार बिघडून सोडियम आत घ्यायला लागलं, की पेशी चेकाळते, कॅल्शियम आत शिरतं आणि शरीरात मीठ धरून ठेवणारं संप्रेरक पाझरतच राहतं. माणसाचा रक्तदाब चढतो, पोटॅशियम लघवीतून जातं, हातपाय गळतात. अशी एक ग्रंथी तपासायला मिळावी म्हणून दोन वर्षं जिवाचं रान करतेय, पण तसा रुग्णच सापडत नाही.

तब्येतीला जप आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

ताई

११ नोव्हेंबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

उजव्या डोळ्यात आतून रक्तस्राव झाला. त्या डोळ्याला आता उजेड कळतो, सुई दिसत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहून पुढे पाठवलं, तिथे तपासण्या झाल्या. डावीकडच्या ग्रंथीत गाठ आहे, पुढच्या आठवड्यात काढतील. नवे डॉक्टर आजार समजावून सांगत होते तेव्हा मी तुझं फेब्रुवारीतलं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं, कारण सगळं तेच होतं. बहिणीने हे तुमच्याबद्दल लिहिलंय का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले.

ठमी

१४ नोव्हेंबर

चि. ठमीस,

मला माझीच शरम वाटते. तू सगळं लिहिलं होतंस, आणि मी तुझं पत्र बहिणीची कुरकुर म्हणून वाचलं. मी येऊ का, ते कळव.

विचारू नये ते विचारते. काढलेली गाठ ते फेकून देतील. ती माझ्याकडे पाठवायला सही देशील का? त्यातून तुझ्यासारख्या कितीतरी बायका वाचतील. रागावलीस तरी उत्तर लिही.

तुझी,
ताई

२ डिसेंबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

गाठ निघाली. रक्तदाब एका गोळीवर आला, कात्री हातात ठरते. डोळा गेला तो गेलाच. तू येऊ नकोस, शेजारीण स्वयंपाक करून देते.

सहीचं म्हणशील, तर डॉक्टरांनी आणखी एका प्रयोगशाळेचं नाव सांगितलं होतं. तिथल्या बाई स्वतः आल्या, खाटेशी बसून पायांत गोळे कधीपासून येतात, कात्री कशी गळायची, सगळं विचारत राहिल्या. गाठ त्यांना द्यायला मी सही केली. बायका त्यांच्या हातूनही वाचतील.

तुझ्यावरचा लोभ आटेल असं वाटलं होतं. तो आटत नाही, त्याचाच जास्त राग येतो.

ठमी