गाण्यातलं तिसरं कडवं

कार्ला,

काल तुला वसतिशाळेत सोडून आले, तेव्हापासून घर गप्प आहे. म्हणून लिहायला बसले. पाठवेन असं वाटत नाही.

चर्चनं तुला मोठ्यांत घेतलं, त्या तुझ्या कन्फर्मेशनच्या जेवणात सगळ्यांनी म्हटलेलं ते गाणं मीच रचलं होतं. आपल्याकडे त्या दिवशी चौदा वर्षांच्या पोरीवर घरचे थट्टेचं गाणं रचतातच, त्यामुळे मला काही वावगं वाटलं नाही. तिसऱ्या कडव्यात मी लिहिलं, की आमची बाई चर्चमधून मोठी होऊन आली आणि बाहुल्यांना आंघोळ घालायला बसली. चाळीस माणसं हसली. बिर्गिटमावशी म्हणाली, "सासरी नेणार का गं त्यांना?" तूही हसलीस. दुसऱ्या दिवशी सगळ्या बाहुल्या पिशवीत भरून तू कचऱ्यात टाकून आलीस. मी म्हटलं, "सुटले एकदाची."

आता खरं सांगते. बाहुल्यांची थट्टा करायला तुझ्या वयाचं नुसतं निमित्त होतं. मासळीच्या कारखान्यातून दमून आले, की तुझ्या दाराशी उभी राहून मी ऐकायचे. तुझी मोठी बाहुली अगदी माझ्या आवाजात ओरडायची, "बूट काढ आधी. मी काय मोलकरीण आहे तुझी?" मला ते सहन व्हायचं नाही.

पण ओरडून झालं की ती धाकट्या बाहुलीला जवळ घ्यायची आणि म्हणायची, "चुकलं गं माझं. दमले होते."

ते मात्र तू माझ्याकडून कधीच ऐकलं नव्हतंस.

तुझी आई