कुंकू लावलेल्या शेअरांची व्यवस्था

मी, सीतारामराव तुकोजीराव, वय एकाहत्तर, तंजावूरजवळच्या पापनाशमच्या पाटबंधारे कचेरीतला निवृत्त कारकून, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुरुवारी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे.

१. राहते घर पत्नी जयलक्ष्मीला. मुलगी नित्या हिची संमती आहे.

२. मोपेड मेव्हणा वादिराज याला. माझ्या वडिलांनी घेतलेले गिरणीचे शेअर नऊशे रुपयांवर असताना "भावजी, विकून टाका," असे तो म्हणाला होता. त्या रागाने मी नऊ वर्षे त्याच्याशी बोललो नाही. त्याचे बरोबर होते. मोपेडचा मागचा ब्रेक सैल आहे, हे त्याला सांगावे.

३. ते शेअर आता अकरा रुपयांवर आहेत. वडील दर आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, त्या कागदांना कुंकू लावत. पुढे कागद गेले, सगळे कॉम्प्युटरवर आले, तरी मी खात्याचा उतारा छापून देवापुढे ठेवत राहिलो. कुंकू लावलेले विकायचे कसे? उलट चारशेवर आणखी घेतले आणि खरेदीचा भाव परत येण्याची वाट पाहिली. तो आला नाही. वाढणारे दुसरे शेअर मात्र किरकोळ नफ्यात विकून बसलो, कारण तेवढाही नफा जाईल अशी धास्ती वाटे.

४. उरले औषध कंपनीचे शेअर, सुमारे चौदा लाखांचे. जयलक्ष्मीचे म्हातारपण यावरच आहे. माझी आठवण म्हणून ती यांनाही कुंकू लावत बसेल, याची मला ऑपरेशनपेक्षा जास्त भीती वाटते. म्हणून माझ्यामागे महिन्याच्या आत, भाव काहीही असो, सगळे विकावेत.

५. जयलक्ष्मीला तमिळ तेवढे वाचता येते, देवनागरी नाही, म्हणून मी तिला हे वाचून दाखवले. ती वांगी चिरत होती. म्हणाली, "अय्यो, तुम्ही गेल्यावर मी विकावं म्हणतां. तुम्ही असतां का नको?"

६. सबब कलम चार रद्द. आज सकाळी पावणेअकराला दोन्ही साक्षीदारांसमोर मी सगळे शेअर विकले, गिरणीचेसुद्धा. बोट फोनवर टेकेना, तेव्हा जयलक्ष्मीने मनगट धरले. रक्कम येताच तिच्या नावे बँकेत ठेवावी.

७. गुरुवारपर्यंत कोणीही मला भाव सांगू नये. मी हात जोडून विचारला तरी.

लिहिले ते वाचले, आणि खालील दोघांच्या देखत सही केली.

सही: सीतारामराव
साक्षीदार: भरद्वाज (शेजारी) आणि वाणी (निवृत्त शिक्षिका)
तंजावूर, सोमवार, १३ ऑक्टोबर २०२५