तीन पावलांवरची मारामारी

मास्तर,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मारामारीचा प्रवेश लिहायला बसलो की तुमची परवानगी घ्यावीशी वाटते. परवा तालमीत एका नटानं विचारलं, "तुमच्या मारामाऱ्या इतक्या खऱ्या कशा?" तुमच्याकडे संस्कृत शिकलो म्हणून, असं मी सांगितलं. सगळे हसले.

पहिली मारामारी मी गावच्या जत्रेतल्या नाटकासाठी लिहिली आणि तुमच्या स्वयंपाकघरात वाचून दाखवली. तुम्ही पाटावर बसून फणसाचे गरे काढत होता, बोटांना खोबरेल. माझे दोन राजे तलवारी चालवता चालवता एकमेकांना अनुष्टुभात शिव्या घालत होते. "मार खाताना माणूस छंद सांभाळतो रे? कधी खाल्लायस मार?" तुम्ही विचारलंत. "तुमचाच," मी म्हटलं. "तो मार नव्हे, ते व्याकरण."

मग राजभाषा मराठी की कोंकणी, या भांडणाचे दिवस आले. पेडण्याच्या बसस्टँडवर, भर दुपारी, मराठीवाल्यांचा आणि कोंकणीवाल्यांचा घोळका समोरासमोर. मी पाववाल्याच्या दारात उभा. तुम्ही छत्री मिटून मध्ये शिरता आणि सवयीनं घरच्या बोलीत सगळ्यांना घरी जायला सांगता, "रे, घराक वचा रे पोरांनो." जन्मभर मराठी-संस्कृत शिकवून ऐन वेळी कोंकणीतून समजूत! इकडून कुणी ओरडतो, "मास्तर, तुम्ही आमचे की त्यांचे?" तिकडून, "मराठीचो मास्तर आमकां शिकयता!" आणि कुणाचा तरी हात तुमच्या कानशिलावर बसतो. कुठल्या बाजूचा, ते मला आजही ठाऊक नाही. आवाज फारसा होत नाही. सदऱ्याचं बटण तुटतं, तुम्ही खाली बसता, आणि तुमचा हात पडलेल्या चष्म्याकडे न जाता निसटलेली चप्पल चाचपत राहतो. मी तीन पावलांवर होतो.

पुढच्या जत्रेत माझा राजा तसाच पडला. चकार शब्द न काढता धुळीत आपली मोजडी चाचपत राहिला. दुसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालात, "आता जमली. कुठनं बघत होतास?"

"मी त्या दिवशी म्हापशाला होतो, मास्तर. कल्पनेनं लिहिलं."

"बरी आहे कल्पना," म्हणून तुम्ही चहाचा कप पुढे सरकवलात. पुन्हा कधी विचारलं नाहीत.

तेव्हापासून माझ्या नाटकात कुणीही पडलं की ते तुम्हीच असता, आणि खालून वर बघत गर्दीत मला शोधता. पात्राचं वय बदलून पाहिलं, एकदा तर त्याची बाई केली. नजर तीच.

हे पत्र घडी घालून खणात ठेवणार आहे. तुम्ही हयात असतात तरी तिथंच ठेवलं असतं. भ्यालो असतो तर तेव्हाच कबूल केलं असतं, आणि तुम्ही पाठीवर हात ठेवून विषय संपवला असता. पण मी भ्यालो नव्हतो, मास्तर. मी नीट बघून घेत होतो.