ज्वारीतलं पांढरं फूल

खटकचिंचोळी, ता. १४ ऑगस्ट १९७६

ती. भीमराजअण्णांस,
कोंडाबाईचा स. जयभीम वि. वि.

इकडे सगळे बरे आहोत. वहिनीच्या गुडघ्याचं कळवावं. ज्वारी मात्र बसली. रानात ओल आहे, तरी दुपारी पानं पिळल्यासारखी होतात, ताटं पिवळी पडतात. बुडाशी वीतभर तण आलंय, त्याला बारीक पांढरी फुलं. इथं कुणाला नाव ठाऊक न्हाई. एक फूल पाकिटात घातलंय. तुम्ही शेतकी खात्यातले, ओळखून सांगा.

नरसिंगची बायको घरात आली तेव्हापासून रानाला हे लागलं. शेजारची ईरम्मा म्हणते, सुनेचा पायगुण. मलाही तसंच वाटतं. हे पत्र ती सून, शोभाच लिहायलीय. घरात दुसऱ्या कुणाला अक्षर येत न्हाई. या ओळीला तिचा हात थांबला. मी म्हटलं, सांगते तेवढं लिही.

आहे तो लोभ कमी करू नये.
आपली धाकटी, कोंडाबाई

गुलबर्गा, ता. २३ ऑगस्ट

चि. सौ. कोंडास,
जयभीम व आशीर्वाद वि. वि.

फूल चुरगळून आलं. असली फुलं शंभर तणांना असतात. पीक बसलं की तण माजतं, एवढंच. उपटून बांधावर टाका.

धम्म घेऊन वीस वर्षं झाली आणि तू अजून पायगुण बघतेस? पाय सोड, हात बघ. सातवी पास पोरीच्या हाती खुरपं दिलंस. ती तणाऐवजी ज्वारीची मुळं कापत असेल. थट्टा करतोय, पण खुरपणीवर लक्ष ठेव.

सर्वांवर माया आहेच.
तुझा अण्णा, भीमराज

खटकचिंचोळी, ता. ४ सप्टेंबर

ती. अण्णांस, स. जयभीम वि. वि.

तुमचं पत्र शोभानं अंगणात सगळ्यांसमोर वाचलं. काही गाळलंस का, विचारलं. न्हाई म्हणाली. सगळे खूप हसले. आता खात्यातल्या माणसानंच सांगितलं म्हटल्यावर शंका उरली न्हाई. रविवारी, १९ तारखेला, समाजाची बैठक आहे. काडीमोड करून तिला हुलसूरला माहेरी सोडणार. नरसिंग खाली मान घालून बसतो.

कृपा ठेवावी.
कोंडाबाई

मामा, हे खालचं माझ्या मनानं लिहिते. मी एक रोप ढेकळासकट काढून पाण्यात बुडवलं. माती सुटल्यावर पाहिलं, तर तणाचं मूळ ज्वारीच्या मुळात शिरलेलं. ज्या कोपऱ्यात खुरपंच लागलं नाही, तिथं हे तण जास्त आहे. ओल्या फडक्यात बांधून तसंच पाठवलंय. १९ तारखेच्या आत उत्तर यावं.
शोभा

गुलबर्गा, ता. २७ सप्टेंबर

चि. सौ. कोंडास, आशीर्वाद वि. वि.

मुळासकट रोप पाहताच ओळखलं. हा टारफुला. ज्वारीच्या मुळातून रस पिऊन जगतो. बी तपकिरीसारखं बारीक. बांधावर टाकलं तर रानभर होतं, म्हणून माझा सल्ला चुकला. उपटून जाळा. पुढच्या साली ज्वारी नको, तूर पेरा.

शोभाचा दोष नाही. हे मला ९ तारखेलाच कळलं होतं. पण माझं पत्र बैठकीत वाचलं जाणार. खात्यातल्या माणसानं पंधरा दिवसांत शब्द फिरवला, असं लोक म्हणाले असते. म्हणून रविवार जाऊ दिला. आता गाजावाजा न करता तिला घेऊन या.

माया आहे तशीच आहे.
भीमराज

खटकचिंचोळी, ता. १२ ऑक्टोबर

ती. अण्णांस, स. जयभीम वि. वि.

हे पत्र अमृतप्पा मास्तर लिहायलेत. तुमचं पत्र सहा दिवस तसंच पडून होतं; वाचणारं घरात कुणी न्हाई.

मास्तरांनी वाचलं आणि नरसिंग उठला, आत्ताच्या गाडीनं हुलसूरला जातो म्हणाला. मी जाऊ दिलं न्हाई. चार माणसांत तिला काढली. आता तिच्यापुढं मी मान खाली घालू? कामून? तिचा बाप येऊन गेला, त्याला दारातूनच परत पाठवलं. तुमचा शब्द पडला न्हाई, माझाही न्हाई.

टारफुला जाळला. तूर पेरू.

नरसिंगसाठी औरादकडची मुलगी ठरवली आहे. लग्न डिसेंबरात, तुम्ही वहिनीला घेऊन चार दिवस आधीच यावं. मुलगी कामाला घट्ट आहे. लिहिता-वाचता येत न्हाई, ते मी आधीच विचारून घेतलं.

मायेत अंतर पडू देऊ नये.
आपली, कोंडाबाई